मारवाडी घोडा: कान सोडून काय पाहायचं?

वाटसरू

नमस्कार मंडळी,

मारवाडी घोड्यांविषयी मराठीत शोधलं की दोनच गोष्टी हाती लागतात, वळलेले कान आणि चेतक. त्यापलीकडची खात्रीची माहिती हवी आहे.

ही जात घडली कशी, आणि कच्छच्या किनाऱ्यावर फुटलेल्या अरबी जहाजाची गोष्ट कितपत खरी? कान झाकले तर घोडा मारवाडी आहे हे सांगता येईल का? काठेवाडीपासून वेगळा कसा ओळखायचा? स्वभावाबद्दल कोणी म्हणतं फार तापट, कोणी म्हणतं पोरासोरांच्या हाती द्यावा इतका शहाणा. आणि शेवटचं म्हणजे वाळवंटात वाढलेली ही जात आपल्या काळ्या मातीत आणि पावसाळ्यात कशी टिकवायची? दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात हे घोडे दरवर्षी उतरतात, तिथून महाराष्ट्रभर जातात. पुढे त्यांचं काय बिघडतं, हे कोणी मोकळेपणाने लिहीत नाही.

---

लूणीकाठ

इतिहासाचं मी लिहितो, शरीररचनेचं जाणकार लिहितीलच.

जहाजाची गोष्ट जुनी आहे, पण ती मुळात मारवाडची नाही. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त शाही पागेचं वर्णन करताना ती कच्छच्या घोड्यांबद्दल नोंदवली आहे. फार पूर्वी एक अरबी जहाज कच्छच्या किनाऱ्याला लागून फुटलं, त्यात सात निवडक घोडे होते आणि त्यांच्यापासून तिथली पैदास झाली, असं लोक मानतात, इतकंच तो म्हणतो. म्हणजे सोळाव्या शतकातच ती ऐकीव गोष्ट होती. पुढे ती काठेवाडीला चिकटली, मग मारवाडीला.

2014 साली एका मारवाडी घोड्याचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला. त्यात अरबी घोड्यांशी आणि मंगोलियाकडच्या घोड्यांशी, दोन्हींशी नातं दिसलं. माझ्या मते सात घोड्यांच्या गोष्टीपेक्षा हे जास्त पटण्यासारखं आहे. सिंधची बंदरं, मुलतानची बाजारपेठ, वायव्येच्या खिंडी अशा अनेक वाटांनी शतकानुशतकं घोडा येत राहिला आणि थरच्या वाळूने त्यातला टिकेल तेवढा ठेवून घेतला.

जात घडवली ती राठोडांनी. बाराव्या शतकाच्या अखेरीस कनौज पडल्यावर त्यांची शाखा पश्चिमेला सरकली, पालीच्या आसपास स्थिरावली, पुढे मंडोर घेतलं आणि 1459 मध्ये राव जोधाने जोधपूर वसवलं. मुलूख कसा, तर लूणी ही एकच म्हणण्यासारखी नदी, तीही पावसाळ्यापुरती वाहणारी, आणि बालोतऱ्याच्या खाली तिचं पाणी खारट होत जातं. लूणीच्या खालच्या अंगाचा, बाडमेरकडचा पट्टा म्हणजे मालाणी. उत्तम मारवाडी घोड्याला आजही ‘मालाणी’ म्हणायची पद्धत आहे ती यावरूनच. सेवण आणि धामण ही तिथली गवतं. कमी पावसात उगवतात, पण वाळल्यावरही त्यांत कस राहतो. घोडा त्यांच्यावर, बाजरीवर आणि मोठ-मटकीच्या पाल्यावर पोसला गेला.

अशा मुलखात लढाईचा घोडा म्हणजे नुसता वेगवान प्राणी नव्हे. दोन विहिरींमधलं अंतर एका दमात तोडणारा, वाळूत न फसणारा आणि स्वार बेशुद्ध पडला तरी ठाण्यावर परत येणारा घोडा हवा होता. मारवाडात म्हण आहे की घोडा रणातून तीनच प्रकारे बाहेर पडतो: जिंकून, जखमी धन्याला घेऊन, नाहीतर मरून.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा इथे आहे. 1678 च्या डिसेंबरात महाराजा जसवंतसिंह जमरूदला वारल्यावर औरंगजेबाने मारवाड घशात घातलं, आणि दुर्गादास राठोडाने जवळजवळ तीस वर्षं घोड्याच्या पाठीवरून लढा दिला. 1681 मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला मोगली फौजांना चुकवत मारवाडपासून थेट कोकणात, सुधागडाच्या पायथ्याशी संभाजी महाराजांकडे आणलं ते याच दुर्गादासाने. घोड्यावर बसल्या बसल्या भाल्याच्या टोकाने बाटी भाजणारा दुर्गादास हे मारवाडातलं आवडतं चित्र आहे. घोड्याकडून त्या काळात काय अपेक्षा होती ते त्या एका चित्रात आलं.

चेतकाबद्दल जपून बोलावं. हळदीघाटची लढाई 18 जून 1576 ची. महाराणा प्रतापांचा घोडा त्या दिवशी जखमी झाला आणि त्यांना बाहेर काढून मेला, ही मेवाडची परंपरा आहे आणि ती आदरानेच सांगावी. पण त्या काळच्या साधनांत घोड्याचं नाव नाही. ‘चेतक’ हे नाव पहिल्यांदा अठराव्या शतकातल्या ‘खुम्माण रासो’त येतं. तो मारवाडी होता की काठेवाडी, हा वाद म्हणूनच पुराव्याने मिटणारा नाही. शिवाय मेवाड वेगळं, मारवाड वेगळं.

या जातीचे सर्वांत वाईट दिवस आले ते विसाव्या शतकात. इंग्रज अधिकाऱ्यांना थरोब्रेड, म्हणजे शर्यतीचे विलायती घोडे, आणि पोलोची तट्टं हवी असत. वळलेले कान त्यांच्या नजरेत ‘नेटिव्ह’ घोड्याची खूण, म्हणजे कमीपणा. 1930 च्या दशकात जोधपूरचे महाराजा उम्मेदसिंह यांनी निवडक नर वेगळे राखून पैदास सुरू ठेवली नसती तर पुढचा धक्का जातीला सोसला नसता. हा धक्का म्हणजे 1952 चा राजस्थानातला जहागीर निर्मूलन कायदा. जहागिरी गेल्या, पागा पोसायचं उत्पन्न गेलं. नर खच्ची केले गेले, घोड्या टांग्याला आणि ओझ्याला लागल्या, पुष्कळ जनावरं मारलीही गेली. उम्मेदसिंहांचे नातू महाराजा गजसिंह यांनी नंतर हे काम पुढे नेलं.

आजची आकडेवारी समाधानाची नाही. 2019 च्या पशुगणनेत देशभरातले सगळे घोडे आणि तट्टं मिळून सुमारे 3.4 लाख भरली, 2012 पेक्षा 45 टक्क्यांनी कमी. मारवाडी त्यातले जेमतेम 33 हजारांच्या घरात.

घोडे त्यांच्या घरीच पाहायचे असतील तर बालोतऱ्याजवळ तिलवाड्याला, लूणीच्या कोरड्या पात्रात भरणारी मल्लिनाथाची जत्रा गाठा. तिथल्या पंचांगात ती चैत्र वद्य एकादशीला सुरू होते. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपल्या कालनिर्णयात ती तारीख फाल्गुन वद्य एकादशीला शोधायची. हे न कळल्यामुळे माणसं महिनाभर उशिरा पोचतात.

---

खरारा

वर इतिहास उत्तम आला आहे. आता घोडा समोर उभा करू. वाटसरू, तुमच्या प्रश्नाप्रमाणे कानावर टोपडं घाला आणि खांद्याकडे पाहा.

मारवाडी घोड्याचा खांदा थरोब्रेडपेक्षा उभा असतो. तिरका खांदा पाय लांब फेकतो, त्याने वेग मिळतो. उभा खांदा पाय वर उचलतो, आणि वाळूत रुतलेला पाय काढायला तेच हवं. वेग थोडा जातो, बदल्यात बैठक आरामाची होते. शरीराच्या मानाने पाय लांब, नळ्या बारीक पण कोरड्या, खूर लहान आणि टणक. कातडी पातळ आणि केस आखूड, इतके की काम झाल्यावर मानेवर आणि पोटावर शिरांचं जाळं उठून दिसतं. उष्णता बाहेर टाकायला हे उपयोगी पडतं. गळ्याखाली लोंबती कातडी आणि पायाला झुपकेदार केस दिसले तर रक्त मिसळलेलं आहे असं समजा.

डोकं मोठं, चेहऱ्याची रेषा सरळ किंवा नाकाकडे किंचित फुगीर. काठेवाडीपासून फरक करायचा तो इथेच. काठेवाडीचा चेहरा बाजूने पाहिला तर कपाळाखाली खोलगट असतो, मुस्कट लहान, अंग आटोपशीर, उंची बहुधा 14 ते 14.2 हात (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच, आणि 14.2 म्हणजे 14 हात 2 इंच). मारवाडी अंगाने लांब आणि उंच, साधारण 14.2 ते 15.2 हात, म्हणजे 58 ते 62 इंच. कच्छी-सिंधीचं नाक आणखी बाकदार, पाठ आखूड आणि कान वळलेले असले तरी टोकं भिडत नाहीत. काठेवाडीचे कान उलट इतके वळतात की टोकं एकमेकांवर चढतात. म्हणून ‘कान जितके जास्त वळलेले तितका मारवाडी शुद्ध’ हा समज चुकीचा आहे.

कानांबद्दल एवढंच: ते जवळजवळ 180 अंशांत फिरतात, दोन्ही वेगवेगळे. वर ज्या जनुकक्रमाचा उल्लेख आला त्याच अभ्यासात कानाच्या वळणाशी संबंध असू शकेल असं एक जनुकही दाखवलं आहे. टोकं भिडताना मधे पाकळीसारखी जागा राहावी आणि कान बुडाशी घट्ट असावेत. बुडाशी सैल असलेले, चालताना हलणारे कान नापसंत.

जुने पारखी टेप वापरत नसत. पाच जवाचे दाणे आडवे ठेवले की एक बोट, हे त्यांचं माप. चेहरा 28 ते 40 बोटं भरावा आणि डोक्याच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी चेहऱ्याच्या चौपट यावी. हे माप खरंच करून पाहा. बाजारातल्या नुसत्या उंच घोड्यांपैकी पुष्कळ जण इथे नापास होतात, कारण उंची वाढवण्यासाठी मागच्या दोनतीन पिढ्यांत थरोब्रेड घातलेला असतो आणि त्यात पाय वाढले तरी बांधा बिघडतो.

जातीचा ठळक दोष म्हणजे मागचे गुडघे कोयत्यासारखे वाकलेले असणं. बाजूने पाहा: पुठ्ठ्याच्या मागच्या टोकातून सोडलेली ओळंब्याची दोरी मागच्या गुडघ्याच्या टोकाला टेकून नळीच्या मागच्या कडेने खाली यायला हवी. नळी दोरीपासून पुढे पोटाखाली सरकली असेल तर तो सांधा लवकर दुखणार, विशेषतः नाच शिकवलेल्या घोड्यात.

चाल हा या जातीचा खरा दागिना आहे. रेवाल, आपल्याकडे रवाल म्हणतात. एका अंगाचे मागचा आणि पुढचा पाय पाठोपाठ उचलले जातात. कडक जमिनीवर डोळे मिटून ऐका. दुडकीत दोन ठोके येतात, टप्-टप्, आणि स्वार वर-खाली आपटतो. खऱ्या रवालीत चार सुटे ठोके येतात आणि स्वाराचे खांदे स्थिर राहतात. जुनी परीक्षा अशी की हातात काठोकाठ भरलेला पेला घेऊन स्वार बसतो, आणि पाणी सांडलं नाही तर चाल खरी. दोन ठोके येताहेत आणि स्वार डावी-उजवीकडे हेलकावे खातोय, तर एका अंगाचे दोन्ही पाय एकदमच पडताहेत. ती रवाल नव्हे, लांबच्या मजलेत कंबर मोडते. काही घोड्यांचे पाय दोरीने बांधून ही चाल बसवलेली असते. अशा घोड्याला वळण घ्यायला लावलं की चाल तुटते. जन्मजात रवाल वळणातही टिकते.

रंगांचं थोडक्यात: कुमेत (तपकिरी, आयाळ-शेपूट काळी), सुरंग (तांबूस), अबलख (पांढऱ्या पट्ट्यांचा दुरंगी), समंद (पिवळसर) आणि नुकरा (पांढरा). कपाळावर पट्टा आणि चारही पाय पांढरे तो पंचकल्याणी. राजस्थानात काळा रंग अशुभ मानत, आणि अबलखाला फार मोल. नुकऱ्याला लग्नकार्यामुळे मागणी आहे, पण नोंदणीत पांढऱ्या घोड्यांना सहसा घेत नाहीत. त्याची गुलाबी कातडी उन्हाने नाकपुडीभोवती आणि डोळ्यांच्या कडांना भाजते, तिथे न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवी, कर्करोगाची सुरुवात तिथूनच होते.

---

अगाडी_पिछाडी

स्वभावाच्या प्रश्नावर.

‘तापट’ आणि ‘शहाणा’ ही दोन्ही वर्णनं एकाच घोड्याची असू शकतात. मारवाडी कमालीचा सावध असतो. ओळखीचा मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा), ठरलेली वेळ, ठरलेला आवाज असेल तर लहान मूलसुद्धा त्याला पाण्यावर नेईल. पण त्याला दिवसभर अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोरांनी, बांधून ठेवलं, दोन्ही वेळा हरभऱ्याची भरपूर चंदी (धान्याचा खुराक) दिली आणि आठवड्यातून एकदा वरातीसाठी सोडलं, तर तो उसळणारच. हा दोष जातीचा नाही, पोटात गेलेलं धान्य आणि अडकलेलं अंग यांचा आहे.

यातून एक आजारही होतो. चारपाच दिवस बसून पूर्ण चंदी खाल्लेला घोडा एकदम कामाला काढला की दहावीस मिनिटांत मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची येते. अशा वेळी त्याला चालवत न्यायचं नाही. आहे तिथेच उभा ठेवायचा, पाणी द्यायचं, अंगावर झूल टाकायची आणि डॉक्टर बोलवायचे. ‘पाय मोकळे होतील’ म्हणून फिरवला तर मूत्रपिंडं जातात. टाळायचं कसं, तर सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करायची आणि रोज किमान तासभर मोकळं फिरवायचं.

तोंड फार हलकं असतं. काटेरी लगाम घालून डोकं वर धरायला लावलेले घोडे बाजारात सर्रास दिसतात. काटेरी लगामाला कायद्याने बंदी आहे, आणि त्याने होतं काय, तर जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत घट्टे पडतात, पाठ खाली दबते, घोडा लगाम दिसताच डोकं आकाशात नेतो. घेण्याआधी तोंड उघडून जीभ पाहा. आडवी चीर किंवा पांढरा घट्टा दिसला तर त्या घोड्याला पुन्हा मऊ लगामावर आणायला कित्येक महिने लागतील असं धरून चाला.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांबद्दलही लिहितो, कारण व्यवहार त्यावर अडतात. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या परंपरेतून आलेलं हे शास्त्र आहे: गळ्यावर ‘देवमण’ भोवरा असला तर सर्वांत शुभ, डोळ्याखालचा ‘आँसूढाल’ अशुभ, खोगिराच्या किंवा मानेच्या जागचा ‘सापीण’ अशुभ. भोवरे जन्मभर बदलत नाहीत, म्हणून ओळख पटवायला उत्तम, आणि नोंदणीच्या वेळी चित्रावर ते टिपतातही. पण पायाने, दाताने, श्वासाने चांगली घोडी डोळ्याखालच्या भोवऱ्यामुळे नाकारू नका.

---

वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. काळ्या मातीच्या आणि पावसाळ्याच्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहतोय. आणि आणखी एक, बाजारात उंची आणि वय सांगतात त्यावर विश्वास किती ठेवावा?

---

नालबंद

दोन्हींचं उत्तर देतो, आधी बाजार.

उंची मोजायची ती आयाळ जिथे संपते त्या खांद्यावरच्या उंचवट्यावर, आणि आडवी पट्टी असलेल्या काठीने. विकणारा कापडी टेप खुरापासून अंगावरून वळवत वर नेतो. पोटरी-खांद्याच्या उतारावर टेप वळला की सहज दीडदोन इंच वाढतात. जमीन सपाट हवी, पुढचे दोन्ही पाय सारखे हवेत, डोकं खाली नैसर्गिक हवं, आणि वाढलेला खूर व नाल यांचा अर्धा-पाऊण इंच वजा करायचा. 65 इंच म्हणून सांगितलेला घोडा काठीखाली 62 चा निघणं नेहमीचं आहे. आणि 62 इंच ही मारवाडीसाठी उत्तम उंची आहे, त्यात कमीपणा काहीच नाही.

वय दातांवर. समोरचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमाराला पडून कायमचे येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाच वर्षांत तोंड पूर्ण भरतं. त्यापुढे वरच्या कोपऱ्यातल्या दाताच्या बाहेरच्या अंगाला एक तपकिरी खाच शोधा. ती दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी निम्म्यावर येते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते. दाताच्या खळग्यात तापलेल्या सळईने काळा डाग देऊन वय कमी दाखवतात, पण ही बाजूची खाच खोटी करता येत नाही.

अडीच वर्षांचं शिंगरू नाच शिकून बाजारात उभं असेल तर मोह आवरा. पुढच्या गुडघ्यावरची वाढीची कूर्चा त्याच सुमाराला मिटत असते आणि पाठीच्या मणक्यांची पाचव्या वर्षापर्यंत मिटत नाही. हाताने पुढचा गुडघा चाचपा. दोन्ही गुडघ्यांचं तापमान सारखं हवं, पुढून गोल फुगवटा नको. मग कडक जमिनीवर सैल दोरीने दुडकीत सरळ पळवायला सांगा. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. विकणारा दोर आखडून धरत असेल तर तो नेमकं हेच लपवतोय.

पैसे मोजण्याआधी रक्ततपासणी. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि सापडला तर 2009 च्या कायद्याप्रमाणे जनावर मारावं लागतं. त्याची आणि घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली होते. नाकातून एका बाजूने येणारा घट्ट चिकट स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, मागच्या पायाच्या आतल्या बाजूला ओळीने गाठी ही लक्षणं दिसली तर हात लावू नका. बाजारातल्या सामायिक हौदावर पाणी पाजू नका, स्वतःची बादली न्या. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा.

आता काळी माती आणि पाऊस. वाळवंटातल्या घोड्याचा खूर कोरड्या जमिनीसाठी बनलेला आहे. वाळू त्याला रोज घासून कमी करते, तिथे अनेक घोडे नालेविना फिरतात. आपल्याकडे उलट, पावसाळ्यात खूर पाणी पिऊन मऊ होतो आणि डांबरावर, मुरमावर तासला जातो. म्हणून 6 आठवड्यांनी नाल बदलायचीच, झिजली नसली तरी, कारण खूर तोवर वाढून सांध्याचा कोन बदललेला असतो. वर खांदा उभा असतो असं आलं. त्याचा परिणाम असा की डांबरावरचा प्रत्येक धक्का तिरक्या खांद्यात जिरतो तसा इथे जिरत नाही, तो पुढच्या पायांत उतरतो. डांबरावर फक्त चालवा, पळवणं शेतातल्या मातीवर.

खुराच्या तळाशी जो मऊ त्रिकोणी भाग असतो त्याच्या खाचांत लीद आणि लघवी साचली की काळा, कुजक्या वासाचा चिकटा धरतो. दररोज दोनदा खूर उकरून पाहणं हाच यावरचा निम्मा इलाज. कुजलेलं काढून, धुऊन, पूर्ण कोरडं करून मग औषध. मोरचूद लावायचा तर पातळ करून आणि फक्त मेलेल्या भागावर. जिवंत लाल मांसावर तो भाजतो. तबेल्याची जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा किमान फूटभर उंच, मागच्या बाजूला हलका उतार, वरून कोरडा भुसा.

चारा. 375 किलोंच्या घोड्याला 6 ते 7 किलो कोरडा चारा, काम असेल तर 2 ते 3 किलो चंदी किमान दोन वेळांत विभागून, एका वेळी दीड किलोहून जास्त नको. मीठ 30 ग्रॅम. पाणी 30 लिटर, उन्हाळ्यात 40 वर. ‘वाळवंटी आहे, त्याला पाणी कमी लागतं’ हे डोक्यातून काढा. तो कमी पाण्यात निभावतो, पण कमी पाण्याने कोरडा चारा आतड्यात अडकून पोटशूळ उठतोच. ज्वारीचा हिरवा कोवळा चारा घोड्याला देऊ नका, त्यातल्या विषाने मागचे पाय लुळे पडतात आणि लघवीवरचा ताबा जातो. पावसात भिजलेला, बुरशी धरलेला कडबा गाय एकवेळ पचवेल, घोडा नाही. बुरशीच्या मक्याने तर मेंदूवर परिणाम होऊन घोडा दोनतीन दिवसांत दगावतो. खाद्य बदलायचं तर 7 ते 10 दिवसांत थोडं थोडं. राजस्थानातून आणलेल्या घोड्याला पहिल्याच दिवशी हिरवीगार लसूणघास पोटभर घातली की रात्री डॉक्टर शोधावा लागतो.

बाजारासाठी चकाकी यावी म्हणून तूप, गूळ, दूध, भिजवलेला हरभरा यांचा मारा होतो. त्याने मानेच्या कण्यावर चरबीचा कडक पट्टा चढतो. तो पट्टा हाताला लागला आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे घेऊन उभा असला, तर खुराच्या आतलं अस्तर सुजलंय. खुराच्या मागच्या बाजूला, घोट्याच्या खाली बोट ठेवा. तिथे नाडी ठणठण लागत असेल तर तो घोडा कितीही देखणा असो, दावणीवरच राहू द्या.

पावसाळा संपता संपता गोमाश्या वाढतात तेव्हा सर्रा हा रक्तातल्या जंतूंचा आजार येतो. ताप चढतो-उतरतो, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाऊनही हाडं वर. ताप असतानाच रक्त तपासायला घ्यायचं, उतरल्यावर जंतू सापडत नाहीत. निरोगी घोड्याचे आकडे भिंतीवर लिहून ठेवा: अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 सेल्सिअस, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. धनुर्वाताची लस चुकवू नका, खिळा लागणाऱ्या जनावराला तो सर्वांत आधी होतो.

---

लूणीकाठ

नालबंद यांनी फार कामाचं लिहिलं. नोंदणीबद्दल राहिलं होतं ते जोडतो.

मारवाडी घोड्यांची अधिकृत नोंदणी 2009 पासून सुरू झाली. त्यात घोडा प्रत्यक्ष पाहून जातीच्या निकषांवर तपासतात, मापं आणि ओळखीच्या खुणा लिहितात, फोटो काढतात आणि थंड डागणीने नंबर देतात. थंड डागणी म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेला ठसा. त्याने रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि गडद घोड्याच्या अंगावर तो आकडा पांढऱ्या केसांत उगवतो. विकत घेताना दाखल्यावरचा आकडा अंगावरच्या आकड्याशी, आणि दाखल्यातले भोवरे व पांढरे पट्टे प्रत्यक्ष घोड्याशी ताडून पाहा. आईबापांची नावं कागदावर आहेत एवढ्यावर जाऊ नका.

पैदाशीसाठी घोडी घेत असाल तर: गाभणकाळ साधारण 11 महिने, 335 ते 340 दिवस. माज 21 दिवसांच्या चक्राने, दिवस मोठा होऊ लागला की सुरू होतो. शिंगरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत आईला लागायला हवं, आणि वार तीन तासांत पडली पाहिजे. चौथा तास लागला तर वाट पाहायची नाही, ओढायचीही नाही, डॉक्टर बोलवायचे. गायीच्या अनुभवावरून माणसं दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात आणि घोडी जाते.

बिकानेरच्या अश्व केंद्रात 2023 च्या मे महिन्यात भ्रूण प्रत्यारोपणाने पहिलं मारवाडी शिंगरू जन्मलं. मादी, वजन 23 किलो, नाव ‘राज-प्रथमा’. साडेसात दिवसांचा भ्रूण उत्तम घोडीच्या गर्भाशयातून काढून दुसऱ्या घोडीत वाढवला. एरवी एक घोडी वर्षाला जास्तीत जास्त एक शिंगरू देते. या पद्धतीने एकाच मोसमात तिची दोनतीन शिंगरं वेगवेगळ्या पोटी वाढू शकतात, आणि ती स्वतः कामातून बाहेर जात नाही.

---

वाटसरू

जवाच्या दाण्यांचं माप आणि ओळंब्याची दोरी, दोन्ही या मार्गशीर्षात सोबत नेणार. पाण्याची बादलीही.

---

खरारा

एक काठीही न्या, चार इंची खुणा केलेली. आणि घोडा पाहायला सकाळी लवकर जा, त्याला कोणी खोगीर चढवायच्या आधी. रात्रभर उभा राहून आखडलेला पाय पहिल्या वीस पावलांत दिसतो, फिरवून गरम केला की दिसत नाही.